चमकीचे गुलाब

सोलापूर, गुरुवार, दिवेलागणीनंतर

आज ह्यांचं वर्षश्राद्ध. पुण्याहून संजू येणार म्हणून भटजींना थांबवून ठेवलं, तर लेकाऐवजी दारात त्याचा गुच्छ. लाल गुलाब, वर चमकी मारलेली. श्राद्धाला लाल फूल? एवढंही पोराला कळू नये?

शेजारच्या सुमनवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो, वाढदिवस वाटतं?"

किळस आली. फोनवर संजू म्हणतो, "आई, सुट्टी नाही मिळाली. फुलं आवडली की नाही?" आवडली म्हटलं. गुच्छ मागं पेरूच्या बुडाशी टाकला. रिबीन कामाची होती, तीही ठेववेना.

पिंड शेवटी भाऊजींनी दिले. मी हात घासून धुतले, ह्यांचं पान वाढलं. भातावर चमकी. मुलाच्या हातचं तेवढंच पोचलं ह्यांना.