गाणारी मधात नाही

बाबा, परवा मी धरमपेठेत एका डॉक्टरांच्या घरी तोंडावर आपटले, आणि तेही तिच्यासमोर. आपल्या कोराडीच्या क्वार्टरसमोर राहायची ती, तुमची लाडकी. पोरगी तुमची मी, आणि कान मिळाले शेजारणीच्या पोरीला, याचा राग मला अजून आहे. पन्नाशी उलटली तरी आहे. जळते मी तिच्यावर, झालं? लिहूनच टाकलं.

तुम्ही गेल्यावर मी काय धंदा धरला ते तुम्हाला माहीत नाही. लोक महागडे स्पीकर नि अ‍ॅम्प्लिफायर घेतात, मी घरी जाऊन ते लावून देते, शास्त्रीय गाण्याची ठेवणीतली दोन-चार रेकॉर्डिंग वाजवून ऐकते आणि कसं वाजलं ते एका मासिकात लिहिते. मॅडमनी ऐकलं म्हणजे झालं, असं लोक म्हणतात. मीही खुशाल म्हणू देते. पण कुठेही ऐकायला बसले की मला आपली पुढची खोली दिसते. रविवार आहे, खिडकीच्या गजांवर पुन्हा वीज केंद्राची राख बसली आहे, आई आत पोह्यांवर ओतायची झणझणीत तर्री उकळते आहे. तुम्ही आम्हा दोघींना भिंतीकडे तोंड करून बसवता आणि एकच ख्याल दोनदा लावता, मध्ये रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलून. "सांगा, नवी सुई कोणती?" ती डोळे मिटते, वेणीचं टोक चावते, सांगते. बरोबर. मी सांगते. चूक. एकदा मी आईचा हातआरसा फ्रॉकच्या घोळात लपवून मागचं सगळं पाहिलं आणि अगदी ठसक्यात बरोबर उत्तर दिलं. तुम्ही ओरडला नाहीत. "आरसा दे वं इकडे," एवढंच म्हणालात, आणि तर्रीची वाटी पहिले तिच्यापुढे सरकवलीत. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. दहावीला तुम्ही तिला रेकॉर्ड दिली आणि मला घड्याळ. घड्याळ जास्त महाग होतं, माहीत आहे मला. मला रेकॉर्ड पाहिजे होती.

तर परवा. डॉक्टरांचे नवे स्पीकर मी स्वतः जोडले, एका बाईंचं जुनं गाणं लावलं आणि सुरू झाले, "पाहा, आवाज कसा खोलीभर पसरला आहे! भिंती आहेत असं वाटतच नाही." डॉक्टर मान डोलावत होते. तेवढ्यात ती आली. सावनेरच्या शाळेत गाणं शिकवते, डॉक्टरांच्या बायकोची मैत्रीण निघाली. खांद्यावर पिशवी, पायात अजून चपला. दारातच थबकली, आत येऊन स्पीकरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काहून वं, गाणारी मधात नाही? एका स्पीकरचे तार उलटे लागले काय?"

दोन्ही स्पीकर सरळ जोडले की गाणारी त्यांच्या बरोबर मधोमध बसल्यासारखी वाटते. एकाच्या तारा उलट्या झाल्या की आवाजाला ठाव राहत नाही, तो इकडेतिकडे पांगतो. नवशिक्याची चूक, बाबा! आणि मी त्या चुकीचीच तारीफ करून राहिले होते. मागे वाकून पाहिलं तर लाल तार काळीच्या जागी. सरळ केली. गाणाऱ्या बाई झटक्यात समोर येऊन बसल्या, तंबोऱ्यात जीव आला. माझे कान तापले होते. "मुद्दाम उलटी लावली होती, म्हटलं पाहावं कोणाच्या लक्षात येते ते," मी डॉक्टरांना म्हणाले. ते हसले. ती माझं बिंग तिथेच फोडू शकली असती. गप्प राहिली, आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्यावर दया करणारी ही कोण?

निघताना गेटपाशी तिने मला गाठलं. "काकांनी शेवटच्या वर्षी तो अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता ना वं, आहे काय अजून? मले एक डाव ऐकायचा होता. पुरा झाला की पहिले तुलेच ऐकवतो म्हणत होते मले, मग मी लग्न होऊन गेली." तिचे डोळे भरून आले होते. पहिले तिलाच! मला तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात.

"भंगारात गेला," मी म्हणाले. तिने स्कूटीला किल्ली लावली आणि निघून गेली.

तो माझ्याच खोलीत आहे, बाबा. दर दसऱ्याला पूजा करते त्याची, कोणाला हात लावू देत नाही. हे लिहिताना तोच सुरू आहे. इतकी वर्षं ऐकते आहे, पण तो चांगला झाला आहे की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तिला कळलं असतं.