बाहेरच्या गोलातले नट

२१ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत, बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझा पत्ता बंदराकडे फेऱ्या मारणाऱ्या एका मिशाळ ड्रायव्हरनं आणून दिला. तू बंदरावर क्रेन चालवतोस, बारीक झालायस आणि अजूनही चहा फुंकून फुंकून पितोस, एवढ्या बातम्या त्यानं दिल्या. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. कुठून सुरुवात करावी सुचत नाही, म्हणून आधी दुकानाचंच सांगते.

दुकान जोरात आहे. डोंगरापलीकडच्या दगडखाणीनं लष्कराच्या लिलावातून नऊ ट्रक उचललेत. तेच, पूर्वी आपल्याकडे यायचे तसले, सहा चाकांचे, चाक माझ्या छातीला लागेल एवढं. ट्रक अजून धडधाकट आहेत, पण टायर म्हातारे. आठवड्याला दोन तरी बसतातच. बाकीचे पंक्चरवाले चाक बघूनच हात जोडतात, मग गाडी आपल्या दारात. पाटीवर अजून 'आणि मुलगा' असंच लिहिलेलं आहे. नवं गिऱ्हाईक विचारतं, "मुलगा कुठाय?" मी पाना उचलते आणि म्हणते, "हा काय, समोर उभाय."

गुरुवारी तर मजाच झाली. भरलेला ट्रक खाणीच्या चढावर अडकला, डावीकडचं मागचं चाक बसलेलं. मी पोचले तेव्हा तीन दांडगे बाप्ये पान्याला पाइप लावून त्यावर उड्या मारत होते आणि मुकादम ओरडत होता, "अजून जोर लावा!" मी म्हटलं, "लावा, लावा, चांगला घट्ट होतोय." या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यांना बाजूला केलं, चाकांखाली दगड नीट बसवले, पाना दुसऱ्या बाजूनं लावला आणि पाइपवर पाय दिला. नट करकरला आणि सुटला. तिघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती!

सव्वाशे किलोचं ते चाक मी उचलत नाही. पहारीवर घेते, उभं करते, चालवत नेते. हट्टी म्हाताऱ्याला घरी न्यावं तसं, ओढायचं नाही, त्याच्या कलानं घ्यायचं. तासाभरात ट्रक चढ चढून गेला. आपल्या हातून निघालेलं चाक एवढं ओझं घेऊन जाताना बघितलं की मला अजूनही छाती फुगवून उभं राहावंसं वाटतं, आणि मी राहते.

मुकादमानं विचारलं, "ताई, शिकवलं कुणी हे सगळं?"

"माझ्या दादानं."

"कुठं असतो तो?"

मी खाली वाकून नट गोळा करायला लागले. नट आधीच डब्यात होते.

आता ते लिहिते, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतेय.

चाकावर नटांचे दोन गोल. आतला गोल चाक गाडीला धरून ठेवतो, बाहेरचा रिमचे दोन तुकडे एकमेकांना. चाकात हवा असताना बाहेरचा गोल खोलला की रिम तोफेसारखी उडते. तूच शिकवलंस आणि तुलाच सांगतेय.

अकरा वर्षांपूर्वी, त्या दिवशी पंक्चर बारीक होतं, चाकात निम्मी हवा शिल्लक होती. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडायचं काम माझं. मला मैत्रिणींबरोबर फोटो काढायला जायचं होतं. नखं रंगवली होती आणि व्हॉल्व्ह चिखलानं माखलेला. मी पिन काढलीच नाही, खिळ्यानं नुसती दाबली. फुस्स झालं आणि आवाज थांबला. हवा संपली नव्हती, चिखलानं भोक बुजलं होतं. तू विचारलंस, "पिन काढलीस?" मी म्हटलं, "काढली." अठरा वर्षांची घोडी होते मी, कुक्कुलं बाळ नव्हते.

तू बाहेरचा गोल खोलायला घेतलास. बाबा पलीकडून चाकावर वाकले होते.

दवाखान्यात, डावा हात कोपरापासून गेलेला असताना, बाबा तुला म्हणाले, "ज्याला चाकात हवा आहे की नाही कळत नाही, त्यानं माझ्या दुकानात पाऊल टाकायचं नाही." तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी खाटेशी थर्मास घेऊन उभी होते. 'मी खोटं बोलले', एवढंच म्हणायचं होतं. मी थर्मासचं झाकण फिरवत राहिले आणि तू बॅग उचलून गेलास. एक शब्दही न बोलता. उद्या सांगेन, असं मी स्वतःला म्हटलं होतं. दादा, तो उद्या काल उजाडला.

काल बाबांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग तो बोलला का नाही?" मी म्हटलं, "मला वाचवायला." त्यानंतर दिवसभर माझ्याशी अबोला, ताटही तसंच परत आलं. तो अबोला मी स्वतः कमावलाय, माझी तक्रार नाही.

आज सकाळी मुकादम दुसरं चाक घेऊन आला आणि "तुमची मुलगी म्हणजे वाघीण आहे हो," म्हणून बाबांपुढे माझं कौतुक करायला लागला. बाबा खुर्चीतून उठले. म्हणाले, "हिला शिकवणारा माझा थोरला आहे. त्याच्यासारखा नट खोलणारा या रस्त्यावर झाला नाही, आणि त्याच्यासारखं तोंड मिटून ठेवणाराही झाला नाही." मुकादमाला काय कळलं देव जाणे. 'थोरला' हा शब्द अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून आला नव्हता. मान अशी ताठ, की गुडघ्याचं दुखणं विसरले. मी घण खाली ठेवला आणि तिथंच, गिऱ्हाइकासमोर, हमसून हमसून रडले. नंतर मला म्हणाले, "त्याला पत्र लिही. आणि खाली जागा सोड."

यायचं की नाही ते तू ठरव. रागावून आलास तरी चालेल. मला जे बोलायचं ते चारचौघांत बोल, मी ऐकून घेईन. तू चुकला नव्हतास, हे आता या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि या रस्त्यावर विचारेल त्याला मी ते सांगणार आहे.

तुझ्या गप्प राहण्यावर अकरा वर्षं ताठ मानेनं जगलेली,
तुझी धाकटी

पोरा, मी चुकलो. ये.
बाबा