न मोजलेल्या वाती

आजी,

तुझ्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे आणि ती मी रीतसर मांडतो आहे. देवघरातला तुझा वातींचा डबा रिकामा झाला. तू गेल्यापासून इतकी वर्षं आम्ही त्यातून जपून जपून काढत आलो, आणि पंधरा दिवसांपूर्वी माझा हात थेट पत्र्याला लागला. मग दुकानातून प्लॅस्टिकच्या पुडीतल्या वाती आणल्या. त्या पेटतात पण नीट जळत नाहीत, तूप पीत नाहीत, आणि विझताना असा धूर सोडतात की देवानेही डोळे पुसावेत. जाताना मागे पुरेसा साठा ठेवणं हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा धर्म आहे, असं माझं नम्र मत आहे. शास्त्राधार मागू नकोस. शोधला, सापडला नाही.

तुझं उत्तर मला ठाऊक आहे. "काहून, हात मोडले काय तुहे?" हात शाबूत आहेत, पण वात वळता येत नाही. तुझ्या ओसरीवर बसून मी फक्त पोथी वाचली. सोमवारी दुपारी आर्णीतल्या आपल्या गल्लीतल्या बायका तुझ्याकडे जमायच्या. सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेचणीच्या दिवशी, शेतात दहीभात ठेवून तू ओटीभर कापूस वेचून आणायचीस आणि शेजारचे पिंजारी चाचा तो पिंजून द्यायचे. त्यांनी एकदा तुला विचारलं होतं, माझ्या हातचा कापूस तुमच्या देवाला चालतो का. तू म्हणालीस, "मी विचारलं त्याले. काही बोलला नाही. म्हंजे चालते." पंडितांना यावर दोन पिढ्या वाद घालता आला असता, तू पुढची वात वळायला घेतलीस. लाख वातींचा तुझा नेम होता, पण तू त्या कधी मोजल्या नाहीस. मी एकदा तशी आठवण करून दिली, तर म्हणालीस, "मोजलं तं संपन." मला तो तुझा आळस वाटला होता.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आसपासच्या गावांतून फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या माणसांच्या बातम्या यायच्या, मग त्या आपल्या गल्लीपर्यंत आल्या. लोक तेराव्यापर्यंत त्या घरी जायचे आणि नंतर रस्ता बदलायचे. मागे राहिलेल्या बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? वात वळायला मात्र कपाळावर कुंकू असावं लागत नाही. धर्मातली ही फट इतकी शास्त्रं घोकून मला दिसली नव्हती. तू तिच्यातून निम्मी गल्ली आत घेतलीस.

चार घरं पलीकडची, नवरा असाच गेलेली ती पहिल्यांदा आली, ते अजून डोळ्यांपुढे आहे. तू स्वतः जाऊन तिला हाताला धरून आणलं आहेस. ती भिंतीला टेकून बसते. कोणीतरी कापसाचं ताट तिच्यापुढे सरकवतं, तशी ती हात पदराखाली ओढून घेते.

"मी हात नाही लावत याले. यानंच नेलं त्याले."

"नको लावू," तू म्हणतेस. "वाती वळाले कोण बोलावलं तुले?"

"मंग कायले बोलावलं?"

"मले करमत नाही एकटीले."

ओसरी बायकांनी भरलेली, आणि तुला एकटीला करमत नाही. कोणी हसत नाही. मी नुकताच शिकून आलेलो. मला वाटतं, आता आपली वेळ आली. मी घसा साफ करून सांत्वनाचा एक श्लोक सुरू करतो, तोही अन्वयासकट. तू वळून पाहतेस. "तुह्या श्लोकानं तिचा माणूस उठून बसत असन तं म्हण. नाही तं पाणी आण तिच्यासाठी." मी पाणी आणलं. त्या सगळ्या वर्षांत माझ्या हातून झालेलं उपयोगाचं काम बहुधा तेवढंच. पुढे कित्येक सोमवार ती तशीच रिकाम्या हातांनी बसून राहिली. मग एकदा सासूचं गाऱ्हाणं सांगता सांगता तिच्या बोटांनी आपणहून कापूस उचलला. तू ते पाहिलंस, आणि लगेच तोंड फिरवून रस्त्यावरच्या कोणाच्या तरी बकरीला शिव्या घालायला लागलीस.

तू गेल्यावर बायका काही सोमवार आल्या. मी आत पेपर उघडून बसायचो. म्हटलं, बायकांत आपलं काय काम. पुढे कुत्री येतात म्हणून ओसरीला लोखंडी जाळी लावली. तिथे आता माझी स्कूटर असते. येऊ नका असं मी कोणालाच म्हणालो नाही. मला म्हणावं लागलं नाही.

गेल्या सोमवारी दुपारी ती जाळीपाशी येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेत. तिचा मुलगा शाळेत माझा विद्यार्थी होता, आता बापाचंच शेत करतो, आणि त्यात कापूसच लावतो. "सर, वाती लागते काय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नको, दुकानातून आणल्यात. शिवाय आत जाऊन पुडी आणून तिला दाखवली. तिनं पुडीकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि गेली. संध्याकाळी दिव्याचा धूर डोळ्यांत गेला तेव्हा लक्षात आलं, की तिनं आजवर कोणाला वाती विकलेल्या नाहीत.

परवा पिंजारी चाचांची सून माझ्या बायकोला सांगत होती, यंदा त्या माझ्या विद्यार्थ्याच्याही बोंडांत अळी आहे, आणि पोरगा घरात कोणाशी बोलत नाही, ताटावरून तसाच उठतो. आज सकाळी मी स्कूटर रस्त्यावर लावली. सतरंजी झटकून ओसरीवर टाकली. आणि मग चार घरं चालत जाण्याऐवजी तुला हे लिहायला बसलो. या पत्राला पत्ता नाही तेच बरं. नाहीतर पेटीत टाकून, केलं काहीतरी, असं मी मानलं असतं.

डब्याचं राहू दे, आजी. तिच्यापुढे बसून काय बोलायचं ते मला येत नाही, आणि तुझ्यासारखं न बोलता बसणं त्याहून येत नाही. ती पोराचंच सांगायला आली होती, असं मला वाटतं. तो बरा आहे ना, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.