बल्गेरियन बहिणीची ओवाळणी

१२ फेब्रुवारी २००६, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
बातमी अशी, की वर्ना बंदरातल्या एका बल्गेरियन शिपिंग कंपनीला जहाजदुरुस्तीसाठी सिंगापुरात वर्कशॉप हवंय. आमचे मालक सौमित्र साहेब हात धुऊन मागे लागलेत. काम मिळालं तर गंज खरवडणाऱ्या गँगवर फोरमन लागणार. माझं परमिट मार्चअखेर संपतंय. रिन्यू करणार का म्हणून विचारलं, तर साहेब म्हणाले, बघू. साहेब पुण्याचे. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ सांगायला नको.
निश्चय: बल्गेरियन रीतिरिवाजांचा एक्सपर्ट व्हायचं. मग मला कोण काढतो तेच पाहू.

१३ फेब्रुवारी
बुकित बातोकच्या सायबर कॅफेत गेलो. बल्गेरियन लोकांशी धंद्यात कसं वागावं, याचा प्रिंट काढला. पानं दोन होती. दुसऱ्याचे वेगळे पैसे मागितले, म्हणून एकच घेतलं. उगाच लाड नाहीत. इंग्रजी मला वाचता येतं. समजणं हा वेगळा विषय.
रूम पार्टनर रवींद्र म्हणाला, नववीत एवढं वाचलं असतंस तर गंज खरवडत बसला नसतास. वेल्डर आहे. जळायचाच.

१५ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं, बल्गेरियन माणसाने मान आडवी हलवली की होकार समजायचा. साहेब म्हणाले, तू आधी डेकवर जा.
पण पूर्ण ऐकून घेतलं मग म्हणाले. हे महत्त्वाचं.

१८ फेब्रुवारी, शनिवार
त्या कंपनीच्या इथल्या मुख्य रुम्याना मॅडम. त्यांनी आज साहेबांना बेडोकच्या कॉन्डोत जेवायला बोलावलं. साहेबांची कंबर धरलीय, म्हणून भेटीचं खोकं उचलायला मी. कंबर हे निमित्त. खरं कारण माझं ज्ञान.
फुलंही मीच निवडली. प्रिंटमध्ये स्पष्ट आहे, फुलं नेहमी विषम संख्येत. आपलंही अकरा-एकवीसच असतं. पुढची ओळ ‘मात्र ही फुलं चुकूनही’ इथवर आली आणि पान संपलं. अकरा पिवळ्या शेवंत्या घेतल्या. देवाला चालतात, बल्गेरियाला का नाही चालणार?
मॅडमनी गुच्छ पाहिला आणि एक पाऊल मागे सरल्या. भारावल्या. मग लांब धरून बाल्कनीत नेऊन ठेवला. फुलांना मोकळी हवा हवी.
राकिया म्हणून त्यांची दारू असते. सगळे काकडी-टोमॅटोबरोबर चिमणीसारखे घोट घेत होते. मी एका दमात संपवली. मर्दाचं काम. ग्लास भिडवताना डोळ्यांत बघायचं असतं, ते मी नंतरही बघत राहिलो. मॅडमनी साहेबांना विचारलं, या मुलाला बरं नाही का?
पानात टाकायचं नाही ही आईची शिकवण. ताट रिकामं दिसलं की मॅडम वाढायच्या. मी संपवायचो. त्या वाढायच्या. शेवटी साहेबांनी टेबलाखालून लाथ घातली.
एकूण छाप चांगली पडली.

१९ फेब्रुवारी
पोट. जास्त लिहीत नाही.

१ मार्च, बुधवार
आज इतिहास घडला. मॅडम वर्कशॉपमध्ये आल्या आणि माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. आज त्यांचा सण, म्हणे वर्षभर तब्येत चांगली राहते, करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की सोडून झाडाला बांधायचा, असं काहीतरी सांगत होत्या. माझं लक्ष कुठलं! मला भरून आलं होतं. दोरा, मनगट, बाई. याला काय म्हणतात ते प्रिंटने सांगायला नको. मार्चमध्ये राखी कशी? त्यांचं कॅलेंडर वेगळं असेल.
रवींद्रला म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट आपलंच, बहीण भावाला नाही म्हणत नसते. तो म्हणाला, येड्या, तिने साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना बांधलाय.
असेल. पण भावाचं कर्तव्य कळतं कुणाला? ओवाळणी तर राहिलीच!

३ मार्च, शुक्रवार, सकाळ
आज कॉन्ट्रॅक्टवर सही. मॅडमसोबत वर्नाहून आलेले त्यांचे म्हातारे ऑडिटर. बरं झालं, माहेरचं माणूस साक्षीला असलेलं चांगलं. पाकिटात एक्कावन्न डॉलर घातले. कुंकू मिळालं नाही. पाकिटावर गंजावर मारायच्या लाल प्राइमरचं बोट लावलं.

तीच तारीख, दुपार
मीटिंगमध्ये शिरलो. म्हाताऱ्यांनी पेनाचं टोपण काढलेलं. मॅडमच्या हातात पाकीट दिलं, पाया पडलो आणि इंग्रजीत म्हणालो, आता आमच्याकडे लक्ष असू द्या.
म्हाताऱ्यांनी नोटा टेबलावर मांडल्या आणि पेनाला टोपण लावलं. मॅडम म्हणाल्या, मिस्टर सौमित्र, हे काय आहे? सिंगापुरात यासाठी जेल होते. साहेबांनी स्वतः खाली उतरून रवींद्रला हाक मारली. (कंबर बरी दिसली.)
रवींद्रने राखी, भाऊ, ओवाळणी, वरचा एक डॉलर, सगळं सांगितलं. मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी विचारलं, ती मयताची फुलंही यानेच आणली होती का? म्हातारे आडवी मान हलवत राहिले. म्हटलं होतं ना, होकार!
टोपण निघालं. सही झाली. माझ्यामुळे, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

१० मार्च
फोरमन रवींद्र. मॅडमनी म्हणे विचारलं होतं, तो शांत माणूस कोण?
साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं. म्हणाले, निशिकांत, तू माणूस वाईट नाहीस रे, पण तुझा अभ्यास मला परवडत नाही. परमिट रिन्यू होणार नाही. या वेळी ‘बघू’ नव्हतं. मी म्हटलं, मलाच ब्रेक हवा होता.
इथली झाडं बारा महिने फुललेली, त्यामुळे सगळ्यांनी दोरे केव्हाच शेडमागच्या बोगनवेलीला बांधून टाकलेत. मी नाही सोडला. बहिणीचा आहे.
मॅडमनी पाकीट परत पाठवलं. सोबत आईसाठी गुलाबाचा साबण. बघा, नातं आहे की नाही?

२ एप्रिल, भुसावळजवळ, घरी
आईने तोंड बघायच्या आधी मनगट बघितलं. चैत्रात राखी कुणी बांधली रे? म्हटलं, बहीण आहे, बल्गेरियात. आई म्हणाली, आणि फोरमनचं काय झालं? मी साबण काढून दिला.
मग तिने शोध लावला, की एसटीच्या डेपोतही पत्र्याला गंज चढतो, उद्या विचारून ये. म्हटलं, बघू.
दारातला निंब मोहरलाय. दोरा रीतसर सोडला आणि हाताला येईल त्या फांदीला बांधला. नियम म्हणजे नियम.

३ एप्रिल
फांदी शेळीच्याही तोंडाला येत होती.
वर्षभर तब्येत आता तिची चांगली राहणार.