वाणाच्या गोळ्या

वाई,
बुधवार, दि. ११ नोव्हेंबर १९९८

श्री. देवदत्त यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दिवाळीच्या तोंडावर पोचले. उत्तरास विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. येथे सर्व ठीक आहे. कृष्णेचे पाणी ओसरले असून घाटावरचा गाळ काढून झाला आहे. तुमच्या भाच्याची, पुष्करची, पुण्याची नोकरी कायम झाली. मी तिकडे येऊन राहावे, असा त्याचा आग्रह आहे. मी अद्याप होकार दिलेला नाही. तुमच्या घरची मंडळी कुशल असतील, अशी आशा करतो.

शकुंतलेच्या तेराव्यापासून आपल्यात पत्रव्यवहार नव्हता. त्या दिवशी पंगत बसलेली असताना मी सर्वांदेखत तुम्हाला म्हणालो होतो की, डॉक्टर असूनही तुम्ही सख्ख्या बहिणीला चुन्याच्या गोळ्या खाऊ घातल्या. तुम्ही पानावरून उठला नाहीत. खाली मान घालून जेवलात. त्याविषयी पुढे लिहीन.

तुम्ही पाठवलेली माहिती मी सावकाश वाचली. शकुंतलेचे हृदय थकत चालले तेव्हा मिरजेच्या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू असल्याचे तुम्हीच आम्हाला कळवले होते. संमतीपत्र तिने वाचले आणि सही केली. साक्षीदार म्हणून मीही केली. परंतु चाचणी म्हणजे उत्तम ठरलेले औषध काही निवडक रुग्णांना आधी मिळणे, अशी माझी समजूत होती. माझ्यासारख्या पदवीधराची ही समजूत असावी, याची आता लाज वाटते.

आता मला जे समजले आहे, ते बरोबर आहे का पाहा. मी आयुष्यभर वजनमापे निरीक्षक होतो, म्हणून माझ्या भाषेत लिहितो. एका पारड्यात कितीही माल टाकला तरी त्याचे वजन कळत नाही. समोर दुसरे पारडे लागते. म्हणून निम्म्या रुग्णांना नवे औषध द्यायचे आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. नेहमीचे उपचार दोघांनाही चालूच. कोणी कोणत्या पारड्यात बसायचे हे चिठ्ठी ठरवते, डॉक्टर नव्हे, कारण डॉक्टरला दया येते आणि दयेने तराजू कलतो. बाटलीवर केवळ क्रमांक. घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. ज्याला ठाऊक असते, त्याला सुधारणा दिसू लागते. पारडे अंगठ्याने दाबणारे पुष्कळ दुकानदार मी पकडले, देवदत्त. त्यांतल्या काहींना आपला अंगठा तेथे आहे, हे खरोखरच ठाऊक नसे.

हे सारे न्याय्य आहे. मी शांतपणे विचार करतो तेव्हा मला त्यात दोष सापडत नाही.

चाचणी संपली, क्रमांक उघडले, औषध उपयोगी ठरले आणि शकुंतलेच्या बाटलीत खरे औषध होते, असे तुम्ही कळवलेत. म्हणजे पंगतीत मी बोललो ते असत्य होते. तुमचे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवले आणि क्षमा मागणारे पत्र लिहावयास घेतले. ते अर्धे राहिले, कारण हरणाबाई आली.

हरणाबाई तुम्हाला नावाने ठाऊक नसेल. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली विधवा. आजार तोच, चाचणी तीच. तपासणीचा वार एकच असल्यामुळे दर महिन्याला तिची आणि शकुंतलेची गाठ पडे. गेल्या शुक्रवारी दुपारी ती दारात उभी राहिली. तिचा मुलगा नानासो तिला सोडून ढोल्या गणपतीला गेला. मी आत बोलावले तरी ती उंबऱ्याशीच टेकली.

"आवं दादा, बाई ग्येली तवाच यायचं हुतं. पर पायात बळ न्हवतं. आता जरा हिंडतीया."

मी चहा ठेवला. परत आलो तेव्हा तिने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून समोर ठेवला होता. तो डबा आमचा होता. शकुंतला त्यात तिळगूळ भरत असे.

पुढचे मी तिच्याच शब्दांत लिहितो. माझ्या शब्दांत ते निर्दय वाटेल.

"डाक्टरनं पयल्यांदाच सांगितलं हुतं, निम्म्यास्नी औशीद आनि निम्म्यास्नी नुस्ती गोळी. भाईर बाकड्यावर बसलो आनि म्या म्हनलं, बाई, मंजी येकीच्या ताटात भाकरी आनि येकीच्या ताटात माती. असं शेजारी जेवाय बसत्यात व्हय? बाई लय हासली. म्हनली, हरणे, तुज्या बाटलीत खडू, माज्या बाटलीत खडू, आता फळा तेवडा आनू. फुडच्या खेपंला संक्रांत हून गेली हुती. तिनं ह्यो डबा काढला. दोघींच्या बाटल्या ह्यात वतल्या, हालवल्या, आनि निम्म्या माज्या वट्यात घातल्या. म्हनली, वाण हाय. म्या म्हनलं, आवं, मला रांडमुंडीला कसलं वाण? तर म्हनली, वाणाला न्हाई म्हनायचं नसतं."

संक्रांतीचे वाण सवाष्णीने सवाष्णीला द्यावयाचे, हे तुमच्या घरात आणि माझ्या घरात कधी कोणी मोडले नव्हते. शकुंतलेने ते मिरजेच्या बाकावर मोडले, आणि पुढे दर महिन्याला मोडत राहिली.

"मी कुठे होतो?" मी विचारले.

"तुमी? तुमी यष्टी स्टँडावर, चौकशीच्या खिडकीला. गाडी कवा, कुटल्या फलाटाला, धा डाव इचारायचा. बाई म्हनायची, ह्यांचा काटा मदी येऊस्तवर आपली वाटनी हुती."

ती हसली. मलाही हसू आले असते, ते आले नाही. घरी परत येताना शकुंतला तो डबा मांडीवर घेऊन बसत असे. मी एकदा विचारले होते, संक्रांत होऊन इतके दिवस झाले, अजून तिळगूळ संपला नाही का. ती म्हणाली होती, "संपेल."

मग हरणाबाईने ज्यासाठी ती आली होती, ते विचारले.

"दवाखान्यातनं सांगावा आलाय. तुमच्या बाटलीत काय हुतं ते येऊन इचारा, म्हनं. मला तितं इचारायचं भ्या वाटतंया. तुमास्नी ठावं आसल. दादा, भाकरी कुनाच्या बाटलीत हुती? तिच्यातली म्या खाल्ली का?"

ती चाचणीत होती आणि शकुंतलेच्या बाटलीत औषध होते, एवढ्यावरून तिच्या बाटलीचे मला काहीच सांगता येत नव्हते. दोघींच्याही बाटल्यांत औषध असू शकले असते. परंतु शकुंतला असतानाच तिची मैत्रीण म्हणून या बाईची चौकशी मी तुमच्याकडे सहज केली होती, आणि तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत कळवले होते की, त्या आटपाडीच्या बाई नकलेच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, गटात होत्या. ते पत्र माझ्यापासून हाताच्या अंतरावर खणात होते.

तुम्हाला खरे लिहितो. उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते सत्य होते म्हणून नव्हे; ते तिला लागेल म्हणून. तिच्या पायांची सूज पुष्कळ उतरलेली मला दिसत होती. शकुंतलेच्या पायावर शेवटच्या आठवड्यात मी बोट ठेवले की खळगा तसाच राहत असे. तिला आडवे होता येत नव्हते. ती उशा रचून बसून झोपत असे आणि झोपेतही तिच्या छातीचा भाता चालू असे. ते सारे मी त्या बाईच्या पदरात घालणार होतो.

मी म्हणालो, "औषध तुमच्या बाटलीत होते, हरणाबाई."

चहावर साय धरली.

"मंजी म्या तिला दिलं."

"होय."

"मग ऱ्हायली का न्हाई ओ ती?"

तिने पदराने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "न्हाई ऱ्हायली तर न्हाई ऱ्हायली. पर वाण फिटलं."

नोकरीत मी कोणाच्या खोट्या वजनावर शिक्का मारला नाही. हा पहिला.

आता तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली अशी की, या दोघींनी गोळ्या वाटून घेतल्याचे चाचणीच्या डॉक्टरांना माझ्या नावाने कळवावे. शकुंतलेचा मृत्यू त्यांनी औषधाच्या पारड्यात मांडला आहे आणि हरणाबाईचे जगणे नकलेच्या. चिठ्ठी निघाली त्याच गटात माणूस मोजायचा, असा नियम असल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि तो योग्यच असेल. तरीही त्या पारड्यांत काय होते, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. उद्या हे औषध अनोळखी माणसे विश्वासाने गिळणार आहेत.

दुसरी मागणी पहिलीच्या विरुद्ध आहे, हे मला कळते. नकलेच्या गटातल्यांना आता खरे औषध मिळणार आहे. ते आपण आधीच घेतले आहे, असे हरणाबाईला माझ्यामुळे वाटते. ती मिरजेस गेलीच नाही, तर माझे खोटे तिचा जीव घेईल. म्हणून तुम्ही स्वतः जाऊन डॉक्टरांना भेटा. तिला बोलावून घ्यावे आणि एवढेच सांगावे की गोळी पुढे चालू ठेवायची, रोज पूर्ण घ्यायची आणि कोणालाही वाटायची नाही. मागचे काही सांगू नये. रुग्णापासून असे लपवता येत नाही, असे ते म्हणाले तर त्यांचेच बरोबर असेल. त्या वेळी मला तारेने कळवा. मी आटपाडीस जाईन आणि तिला खरे सांगेन. ते तिने दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू नये.

एक प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही. तो कोणता, हे तुम्ही डॉक्टर म्हणून आणि भाऊ म्हणून ओळखाल. चाचणीला शेकड्यांचे उत्तर देता येते, एका माणसाचे देता येत नाही, हे मी तुमच्याच कागदांतून शिकलो. कोणी पूर्ण औषध घेऊनही जातो आणि कोणी काहीही न घेता राहतो. म्हणून विचारत नाही. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे असे वाटले, तरी लिहू नका.

आणखी एक प्रश्न मात्र तुमच्यासाठी नाही. शकुंतलेने हे मला का सांगितले नाही? मला वाटते, मी काय म्हणालो असतो, ते तिला ठाऊक होते. मी म्हणालो असतो, नियमात बसत नाही.

डबा हरणाबाई परत नेईना. त्यात शकुंतलेच्या वाटणीच्या शेवटच्या गोळ्या आहेत. त्या खेपेस तिला मिरजेपर्यंत नेता आले नव्हते; डबा आधीच्या खेपेपासून हरणाबाईकडेच राहिला होता आणि तिने ही वाटणी त्यातल्या मागच्या उरलेल्या गोळ्यांत मिसळून ठेवली होती. जुना सोन्याचा काटा माझ्याकडे आहे. काल मी त्यातल्या गोळ्या एकेक करून तोलून पाहिल्या. वजनात फरक नाही. करणाऱ्याने काम चोख केले आहे. नियमाप्रमाणे उरलेल्या गोळ्या परत करावयाच्या असतात. या मी परत करणार नाही.

पंगतीत बोललेले शब्द परत घेतो. तुम्ही जेवून उठलात, हे तुमचे उपकार. सवड काढून वाईस या. येताना मिरजेहून या.

तुमच्या बहिणीचा,
चिंतामण