किल्लीची दीड फेरी

प्रिय ठमे,

मंगळवार, अकरा मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. व्यायामवालीकडून घरी आले, तर माझ्याच दाराने मला ओळख दाखवली नाही. जुनं पितळी कुलूप गायब आणि त्याच्या जागी काळी चकचकीत पट्टी, तिच्यावर शून्य ते नऊ आकडे. सुतार हत्यारं आवरत होता. तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस, मोठं बक्षीस दिल्यासारखी हसत. म्हणालीस, "आई, आता किल्लीची कटकटच नाही. चार आकडे दाबायचे की उघडलं दार!" मी गप्प राहिले, ते तू संमती समजलीस. दातांची डॉक्टर तू. तोंडात कापूस कोंबलेला माणूस बोलत नाही म्हणजे तो खूश आहे, असं समजायची तुम्हा लोकांना सवयच. पण दाढ उपटण्याआधी तूसुद्धा पेशंटची सही घेतेस ना? माझं कुलूप उपटताना कुणाची घेतलीस?

डाव्या हाताने लिहितेय, म्हणून ओळी उताराला लागल्यात. अर्थ सरळ आहे, तेवढा वाच.

तू नेमकं काय काढून नेलंस, ते आधी सांगते. डिसेंबरात झटका आला, उजवी बाजू गेली, पाय महिन्याभरात परत आला, हात मात्र रुसून बसला. व्यायामवाली मला पहिल्या दिवसापासून आवडली, कारण तिने माझ्या हातात रबरी चेंडू दिला नाही. रुमालाची घडी घाला, नळ सोडा आणि बंद करा, बरणीचं झाकण फिरवा, असली घरातलीच कामं तिने लावली. मग म्हणाली, "आता एक काम तुम्ही निवडा. जे यायलाच हवं असं वाटतं, ते." बाकीचे कप निवडतात, कंगवा निवडतात. मी म्हटलं, दाराची किल्ली. तिने चष्म्यावरून पाहिलं, पण कारण विचारलं नाही. शहाणी मुलगी. दुसऱ्या दिवशी तिने किल्लीच्या डोक्याला बँडेजची पट्टी गुंडाळून ते जाड केलं, पकडता यावं म्हणून.

अठ्ठावीस वर्षं मी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दुसऱ्यांचं रक्त पाहिलं. आता तपासायला स्वतःचा हात आलाय, आणि खरं सांगू, इतका चक्रम नमुना आयुष्यात पाहिला नाही. मी जांभई दिली की हा उजवा हात आपोआप वर उठतो, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखा. जांभई संपली की धपकन खाली. मी सांगून उठवायला गेले तर ढिम्म. मग मी खोट्या जांभया देऊन पाहिल्या, बावीस दिल्या, एकदाही फसला नाही. चिडले की बोटं मिटतात आणि मग उघडायचं नाव नाही. मंगळवारी तुझ्यासमोर ती तासभर मिटलेली होती, तुझ्या लक्षात आलं नाही.

आणि सगळ्यात मोठा शोध ऐक. रिकामा हात हवेत फिरव म्हटलं तर त्याला काही कळत नाही. चमचा दिला तर थोडा विचार करतो. पण किल्ली दिली, आणि तीही त्याच कुलपात घालून, की अंगठ्याला काहीतरी आठवतं. शेजारच्यांच्या कुलपात मी प्रयत्न करून पाहिलाय, तिथे आठवत नाही. व्यायामवालीला सांगितलं तर म्हणाली, खरी वस्तू आणि खरी जागा असली की हात लवकर शिकतो. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर बोटांकडे बघत बसलं की पट्टी मारायच्या आणि म्हणायच्या, टाक्याकडे बघ, बोटांचं बोटं बघून घेतील. त्या वेळी मला त्या क्रूर वाटायच्या. बाई हुशार होती.

माझ्या दाराला आतून दोन फेऱ्या लागतात. एकवीस जानेवारीला किल्ली नुसती धरता आली. नऊ दिवसांनी पाव फेरी. मग अकरा दिवस काहीच नाही, त्या दिवसांत मी कपाटाला लाथ मारली, ती डाव्या पायाने. फेब्रुवारीच्या शेवटी एक पूर्ण फेरी झाली आणि कुलपातून तो खट्ट आवाज आला. मी एकटीच होते, तरी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. दहा मार्चला, म्हणजे तुझा सुतार यायच्या आदल्या दिवशी, दीड फेरी. अर्धी राहिली होती, ठमे! तुला फोनवर सांगणार होते, पण म्हटलं पुरी होऊ दे, मग तोरा मिरवू.

तू म्हणालीस, सरावच हवा तर एक फळी आणते, तिच्यावर कुलूप ठोकून देते. म्हणजे मी खेळण्यातलं दार उघडायचं. नको म्हटलं, तर म्हणालीस, "एकतर हे कुलूप, नाहीतर माझ्या घरी चल." तुझ्या घरी जानेवारीत आठ दिवस राहिले. चमच्याकडे हात जायच्या आत चमचा तोंडाशी. चपला शोधायच्या आत चपला पायात. जावई तर माझ्या भाकरीचे तुकडे करून ठेवायचे. सगळी मायाच होती, नाही म्हणत नाही, पण त्या आठ दिवसांत माझ्या हाताने पेन्शन घेतली. शुक्रवारी, एकवीस तारखेला, व्यायामवाली घरी येऊन पाहणार आहे की मी एकटी राहू शकते की नाही. आकडे तर मी डाव्या हाताने डोळे मिटून दाबीन. त्यात माझा उजवा हात काय शिकणार?

तू हे का केलंस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. मंगळवारी आला तो डिसेंबरात माझं दार फोडणाराच सुतार होता. त्याने मला नमस्कार केला आणि नजर चुकवली.

किल्ली आतून कुलपात ठेवू नकोस, माझी किल्ली बाहेरून जात नाही, हे तू मला शंभर वेळा सांगितलं होतंस. मी शंभर वेळा हो म्हटलं आणि ठेवत राहिले. चूक माझी. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. जुनं कुलूप परत बसव. मी दार लावीन, किल्ली काढीन, खिळ्याला अडकवीन. तुझी किल्ली तुला हवी तेव्हा लागेल.

आता जे तुला कुणीच सांगितलेलं नाही, ते सांगते. हॉस्पिटलच्या कागदावर 'बेशुद्ध अवस्थेत सापडल्या' असं लिहिलंय. मी शुद्धीत होते. चपलांच्या मांडणीजवळ पडले होते, दारापासून चार हातांवर. किल्ली दिसत होती. हाताला सांगत होते, तो ऐकत नव्हता. तुझी घंटा ऐकली, सात वेळा. मग तुझे तळहात दारावर. मग तुझा आवाज. तो तुझा आहे हे कळलं, पण शब्दांचा अर्थ लागेना, पलीकडच्या खोलीत कुणी परक्या भाषेत बोलावं तसं. सुरुवातीला तू ओरडत होतीस. नंतर आवाज खाली आला, दाराच्या फटीतून, म्हणजे तू जमिनीवर बसली असणार. आणि सुतार येईपर्यंत बोलत राहिलीस, हळू, न थांबता, बराच वेळ. त्याने चौकट फोडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, तुकडे उडत होते म्हणून. मग तुझ्यासमोर उघडायचा धीर झाला नाही. तू काय बोलत होतीस, याचा तीन महिने मी अंदाज करतेय. रागावत असशील, तर तुझा हक्क होता. मला लहानपणचं काही सांगत असशील. नुसतेच आकडे मोजत असशील, दात काढताना मुलांना मोजायला लावतेस तसे. मला ठाऊक नाही, आणि माहीत नसलेलं मला झोपू देत नाही. ते सगळं मला लिहून दे. तोंडी नको, तू रडशील आणि मी रडू नकोस म्हणून ओरडेन. शिव्या असतील तर त्याही जशाच्या तशा. गुरुवार, वीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत, कागदावर, तुझ्या अक्षरात. पाच म्हणजे पाच.

तुझीच, सगळं ऐकलेली,
आई