पिवळं न झालेलं पाणी

अण्णा,

तुमची विहीर बुजवली. आपलं धायरी गाव पुणे शहरात गेलं आणि विहिरीच्या जागेवर आता आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. पाणी टँकरने येतं. तुम्ही ग्रामपंचायतीच्या विहिरीत जंतू मारायची पावडर टाकणारे, आणि तुमची लेक या सोसायटीची सेक्रेटरी. हसू नका.

तुमच्या कपड्यांना पावडरीचा वास यायचा म्हणून आई ते वेगळे धुवायची, आणि मला शाळेत तुमची लाज वाटायची. सकाळी तुम्ही माझ्या हातात काचेची नळी देता, मी नळाखाली धरते, तुम्ही वरून दोन थेंब टाकता. पाणी पिवळं झालं म्हणजे औषध आहे. मग पहिला पेला तुम्ही स्वतः पिता, चार बायकांच्या देखत. एकदा सरपंचांच्या घरून निरोप आला होता, चहाला वास येतो म्हणून. तुम्ही अंगणातूनच म्हणालात, "वास येतोय म्हंजे औषध हाय. ज्या दिवशी येणार न्हाई त्या दिवशी बोलवा मला." आणि एकदा मी नळीकडे न बघताच "पिवळं हाय" म्हटलं, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. नळी पुन्हा भरायला लावलीत आणि दिवसभर बोलला नाहीत. मार परवडला असता.

मी कोथरूडला एका ऑफिसात देशांची कोष्टकं करते. श्रीमंत देश, मधले देश, गरीब देश. कोणाला प्यायला चांगलं पाणी मिळतं. पाणी आवारात आहे का, हवं तेव्हा येतं का, आणि ते तपासलेलं, स्वच्छ आहे का, असे प्रश्न असतात. शेवटच्या प्रश्नापुढे गरीब देशांच्या रकान्यात पुष्कळदा नुसती रेघ असते. तपासलंच नाही. मला त्या रेघांचा राग यायचा.

गेल्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याला पावडरीचा वास येतो म्हणून एक गृहस्थ म्हणाले, "अहो सेक्रेटरी, आपण फ्लॅट घेतलाय की पोहण्याच्या तलावाचा पास?" सगळे हसले. मला पुन्हा शाळेतल्यासारखं झालं. टाकीत पावडर टाकणं मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं. घरोघरी फिल्टर आहेतच, असं मीच म्हणाले. फिल्टर नव्हता तो फक्त वॉचमनच्या खोलीत. त्याची बायको टाकीखालच्या नळाचं पाणी भरायची. तिला सहावा महिना होता.

महिन्याभराने तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. ससून रुग्णालयात नेलं, आठवड्यात ती गेली, पोटातलं बाळही गेलं. पाण्यानेच झालं असं कोणी सिद्ध केलं नाही, कोणी विचारलंही नाही. आमच्या वरच्या मजल्यांवर कोणाला साधी सर्दीही झाली नाही. एका जिन्याच्या वर श्रीमंत देश आणि खाली गरीब, आणि कोष्टकात आम्ही सगळे एकाच ओळीत. मी पावडर पुन्हा सुरू केली. आता वासाबद्दल कोणी बोलत नाही.

वॉचमन गावी परत जाताना सामान बांधत होता. मी त्याला म्हटलं, "माझ्या लक्षातच आलं नाही हो." तो म्हणाला, "तुमचा काय दोष, ताई." मी मान डोलावली.

हे पत्र तुमच्या नळीच्या डबीत ठेवणार आहे. तुम्ही गेलात, आता दुसरीकडे कुठे पाठवू? वॉचमनला द्यायला हवं होतं, तेही जमलं नाही.

लक्षात आलं होतं, अण्णा. पावडर बंद केल्यावर आठवड्याने मी तुमची नळी घेऊन खाली गेले होते. त्याच नळाचं पाणी धरलं, थेंब टाकले. पाणी तसंच राहिलं. ती शेजारी हंडा घेऊन उभी होती. म्हणाली, "ताई, वास गेला की पाण्याचा. आता चांगलं येतंय, न्हाई का?"

मी हो म्हटलं, आणि वर येऊन फिल्टरचं पाणी प्याले.